विश्लेषण : कार्यालयातील संगणक बंद पडल्यावर बदलावेत की ठरवून?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा आधार काढून घेतला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत, मात्र नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटींवरचे नियमित अपडेट थांबले. ज्या लहान कार्यालयांनी सगळे संगणक एकाच वर्षी घेतले होते, त्यांच्यापुढे सगळे एकदम बदलण्याचा खर्च उभा राहिला. तो टाळता आला असता का?

ही तारीख अचानक आली का?

नाही. ‘विंडोज १०’ जुलै २०१५ मध्ये बाजारात आली, तेव्हाच तिची दहा वर्षांची मुदत जाहीर झाली होती. नवी गोष्ट कळली ती २०२१ मध्ये. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागेल, असे कंपनीने सांगितले. त्यामुळे २०१६-१७ मधील चांगले चालणारे संगणकही बाद ठरले. तरी तयारीला चार वर्षे हाती होती.

मुदत वाढवून घेता येते का?

येते, पण ती महाग पडते. व्यावसायिक ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटचे मूळ शुल्क पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर असून ते दरवर्षी दुप्पट होते. म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर. ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षेच आहे. एवढा पैसा जुन्या यंत्रावर घालण्यापेक्षा पहिल्या वर्षाची मुदत घेऊन तेवढ्यात बदल उरकणे शहाणपणाचे.

टप्प्याटप्प्याने बदल म्हणजे काय?

समजा कार्यालयात २० संगणक आहेत आणि एकाची किंमत ५० हजार रुपये धरली. सगळे एकदम बदलायचे तर १० लाख लागतात. पाच वर्षांचे चक्र ठरवले तर दरवर्षी चार संगणक, म्हणजे दोन लाख रुपये. पाच वर्षांचा एकूण खर्च तेवढाच राहतो, पण तो अंदाजपत्रकात बसतो आणि एकाच दिवशी सगळे काम अडत नाही.

नवे यंत्र जड काम करणाऱ्याला द्यावे, उदाहरणार्थ डिझाइन किंवा हिशेब पाहणाऱ्याला. त्याचे जुने यंत्र पत्रव्यवहारासारख्या हलक्या कामाला जाते. सर्वात जुने यंत्र यादीतून बाहेर पडते.

नुसते सुटे भाग बदलून भागेल का?

काही वेळा. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली आणि रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली, तर मंद संगणक बऱ्यापैकी वेगवान होतो. पण प्रोसेसरच नव्या प्रणालीत बसत नसेल, तर हा खर्च एक-दोन वर्षांपुरताच. त्यामुळे आधी प्रोसेसरची पिढी तपासावी. यंत्राला जोडलेले जुने प्रिंटर, वजनकाटे किंवा कारखान्यातील सीएनसी यंत्रे नव्या प्रणालीवर चालतील का, हेही खरेदीपूर्वी पाहावे.

खरेदी कधी करावी?

आयकरात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा मिळतो. मात्र त्या आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले, तर पहिल्या वर्षी निम्माच. म्हणून एप्रिल ते सप्टेंबरदरम्यान घेतलेली यंत्रे फायद्याची. मार्चअखेरच्या धावपळीत नवी यंत्रे लावण्याची वेळही येत नाही. खरेदीवर १८ टक्के जीएसटी लागतो. नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याचे इनपुट क्रेडिट मिळू शकते, म्हणून पक्के बिल घ्यावे. नेमका हिशेब सीएंकडून करून घ्यावा.

जुन्या संगणकांचे काय?

नुसते ‘डिलीट’ किंवा घाईत केलेले फॉरमॅट पुरेसे नसते. माहिती परत काढता येते. ग्राहकांचे आधार, पॅन, बँक तपशील असलेली डिस्क पूर्ण पुसावी किंवा नष्ट करावी. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. यंत्रे भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावीत.

सुरुवात कुठून करावी?

एका तक्त्यापासून. प्रत्येक संगणकाचे खरेदी वर्ष, प्रोसेसर, रॅम, डिस्क, वॉरंटीची मुदत आणि वापरणाऱ्याचे काम लिहावे. शेवटच्या रकान्यात बदलण्याचे वर्ष टाकावे. यूपीएसच्या बॅटऱ्या, राउटर आणि बॅकअपची डिस्कही त्यात धरावी. दरवर्षी एप्रिलमध्ये हा तक्ता पाहिला, की त्या वर्षी कोणते चार संगणक जाणार आणि किती पैसे बाजूला काढायचे, हे आधीच कळते.