चर्चांच्या बालसहली आणि उदगीरची येळवस

उदगीर म्हटलें कीं, इ. स. १७६० च्या फेब्रुवारींतील लढाई, सदाशिवरावभाऊंनीं निजामाकडून मिळविलेला सुमारें साठ लक्षांचा मुलूख आणि त्यासंबंधींचीं पत्रें संग्राहकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं जपलीं गेलीं हें योग्यच झालें. परंतु त्याच उदगिरांत दर मार्गशीर्ष अमावास्येस गांव मुलांबाळांसह शेतांत लोटतें, त्याचा कागद जपण्याजोगा कोणास वाटत नाहीं. याच्या अगदीं उलट प्रकार पाश्चात्य चर्चांनीं शहरी मुलांकरितां काढलेल्या सहलींचा. त्यांचा कागद विपुल आहे. तो कसा वाचावा, हें प्रथम सांगतों.

झुरिक येथील पाद्री वाल्टर बियॉन यांनीं १८७६ सालीं ६८ गरीब मुलामुलींस शिक्षकांसमवेत दोन आठवडे आपेन्झेलच्या डोंगराळ मुलखांत नेलें. त्या मुलखांत ते पूर्वीं पाद्री असल्यानें तेथील माणसें त्यांच्या ओळखीचीं होतीं. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत, पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील शर्मन या लहानशा गांवीं, विलर्ड पार्सन्स या पाद्र्यानें न्यूयॉर्कच्या चाळींतील मुलें आपल्या घरीं पाहुणीं म्हणून ठेवावीं, अशी विनंति मंडळीस केली. त्याच १८७७ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत सॅम्युअल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनीं असाच उपक्रम आरंभिला. १८८४ सालीं त्याचा स्वतंत्र फंड उभा राहिला. १८९२ सालीं पीअर्सन नांवाच्या नियतकालिकांच्या मालकानें आणखी एक फंड काढला, व नऊ पेन्सांत एका मुलाची दिवसभराची सहल होते, असा हिशेब लोकांपुढें मांडला. विसावें शतक उजाडलें तेव्हां ही चाल चांगलीच रुळली होती.

यांत दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पंधरवडाभर खेड्यांतील कुटुंबांत राहणें हा एक. रविवारच्या शाळेची एका दिवसाची सहल हा दुसरा. लंडनचीं मुलें बहुधा एपिंगच्या अरण्यांत जात. दुसऱ्या प्रकारांत जो मुलगा शाळेस नेमानें येई त्यास तिकिट मिळे. साहजिकच उन्हाळा जवळ आला कीं पटावरील नांवें वाढत, आणि कांहीं चतुर मुलें एकाहून अधिक शाळांत नांव घालीत! म्हणून अशा शाळेचा हजेरीपट हातीं आल्यास त्यांतील आंकडा श्रद्धेचा आंकडा समजूं नये. महिना पाहून मगच अर्थ लावावा.

अहवालांसंबंधींही हीच सावधगिरी पाहिजे. ते देणगीदारांकरितां छापलेले असत. जातांना मूल फिकट, येतांना गुलाबी. कित्येक ठिकाणीं तर मुलांस जातांयेतां तराजूवर घालून वाढलेलें वजन छापीत. मुलांच्या आईबापांनीं ऐपतीप्रमाणें दिलेले चार पैसे जमाखर्चांत सांपडतात, पण देणगीदारांच्या नांवांपुढें ते झांकून जातात. मुलास तेथें काय वाटलें, रात्रीं घरची आठवण आली कीं काय, हें त्या रकान्यांत बसत नाहीं. आमच्या मतें, मुलानें घरीं धाडलेलें एक मळकें पत्र अशा दहा अहवालांच्या तोडीचें आहे.

मराठी मुलखांत मिशनऱ्यांचा ओघ बराचसा उलटा होता. अहमदनगरच्या बाजूस ख्रिस्ती मंडळ्या मुख्यतः खेड्यापाड्यांतच होत्या. त्यामुळें खेड्यांतील मूल शहरच्या बोर्डिंगांत येई व सुटींत घरीं परते. या जीवनाचा शोध घेणारानें १८४२ पासूनचा 'ज्ञानोदय' आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' अवश्य चाळावीं.

आतां येळवस. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होतें, आणि या सणाचें नातेंही कानडी मुलखाशीं आहे. तिकडे याच दिवसास एळ्ळ अमावास्या म्हणतात, व एळ्ळु म्हणजे तीळ. शेतांत कडब्याची कोप उभारून पांच पांडव म्हणून दगड मांडतात व पूजा करितात. मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. ज्याचें शेत नाहीं तो ज्याचें आहे त्याचा पाहुणा होतो. बाजारपेठ ओस पडते. येथें फंड नाहीं, तिकिट नाहीं, वजनकांटा नाहीं. तथापि सर्वच गोड होतें असेंही समजूं नये: पंगतीस कोण बसलें व कोपीबाहेर कोण उभें राहिलें, हा प्रश्न इतिहासकारानें विचारलाच पाहिजे.

त्याचें उत्तर अहवालांत मिळावयाचें नाहीं, कारण अहवाल लिहिणारी कमिटीच येथें नव्हती. तें शोधावयाचें तें घरखर्चाच्या मोडी वह्यांत, वाण्याच्या उधारींत आणि बलुत्यांच्या टिपणांत. तीळ, गूळ, ताकाचें भांडें, गाडीभाडें, एखाद्या गड्यास दिलेलें धान्य, अशा फुटकळ कलमांवर नजर ठेवावी. अशीं दप्तरें रद्दींत जातात तीं त्यांत सनद किंवा तह नसतो म्हणून. वही टाकण्यापूर्वीं निदान मार्गशीर्ष वद्य ३० चें पान तेवढें उघडून पाहावें, आणि त्यावर माणसांचीं नांवें असल्यास तीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं.