नदीपात्रात उमटलेली चाल

टेक्सासमधल्या ग्लेन रोझ गावाजवळून पलक्सी ही छोटी नदी वाहते. २०२२च्या दुष्काळात तिचं पात्र आटलं आणि एरवी पाण्याखाली राहणारे डायनोसॉरच्या पावलांचे ठसे उघडे पडले. वय सुमारे ११ कोटी वर्षं. तेव्हा इथे समुद्रकिनारा होता. चुनखडीच्या चिखलात पावलं रुतली, वर गाळ साचला, सगळ्याचा खडक झाला. पुढे नदीनेच वरचे थर खरवडून काढले.

अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे जीवाश्मसंग्राहक रोलंड बर्ड १९३८ साली इथे पोचले ते एका बनावट मालाचा माग काढत. न्यू मेक्सिकोत त्यांना दगडात कोरलेली ‘राक्षसी माणसाची पावलं’ विकायला ठेवलेली दिसली होती. पलक्सीच्या पात्रात मात्र त्यांच्या हाती अस्सल घबाड लागलं: तीन बोटांच्या मांसाहारी थेरोपॉडच्या ठशांबरोबरच लांब मानेच्या सॉरोपॉडचे, जवळपास मीटरभर लांबीचे ठसे.

हाडं प्राण्याचा आकार सांगतात. त्याची चाल ठशांत सापडते. इथे डावी-उजवी पावलं एकमेकांजवळ पडली आहेत. म्हणजे पाय घोरपडीसारखे बाजूला फाकलेले नसून थेट अंगाखाली होते. शेपूट फरफटल्याच्या रेघा जवळपास नाहीत. ते उचललेलं असे.

वेगाचाही अंदाज बांधता येतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ साली त्यासाठी सूत्र मांडलं. पाऊल ५० सेंटिमीटरचं असेल, तर खुब्याची उंची त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे दोन मीटर धरायची. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांत २.६ मीटर अंतर असेल, तर वेग निघतो ताशी सुमारे सहा किलोमीटर. माणसाच्या झपाझप चालण्याइतका.

पण ठशांकडून किती वदवून घ्यायचं, यालाही मर्यादा आहे. पलक्सीत एका सॉरोपॉडच्या मागोमाग थेरोपॉडचे ठसे जातात. बर्ड यांना त्यात पाठलाग दिसला. मात्र, दोघे एकाच वाटेने गेले एवढंच खडक सांगतो; मध्ये किती वेळ गेला, ते सांगत नाही. म्हणून हा वाद अजून मिटलेला नाही.

१९४० साली या ठशांचा पट्टा खडकातून कापून काढला, तेव्हा त्याचे भाग न्यू यॉर्क आणि ऑस्टिन इथे विभागले गेले, काही हरवलेही. २०१४ मध्ये संशोधकांनी बर्ड यांच्या जुन्या छायाचित्रांवरून अख्ख्या पट्ट्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी केली. पाठलागाचा दावा आता त्या प्रतिकृतीवर, पावलागणिक मोजमाप घेऊन तपासता येतो.