दुर्मिळ मृदा : नाव आणि वस्तुस्थिती

राजघाटावर लहानपणी आम्ही तापीच्या वाळूतून चुंबक फिरवत असू. काळे लोहकण त्याला दाढीसारखे चिकटत. एम.एस्सी. करताना दोन महिन्यांच्या संशोधन-इंटर्नशिपसाठी भोपाळला गेले, तेव्हा पुन्हा चुंबकच हाती आला. या वेळी मात्र लोह बाजूला सारून चुंबकातले निओडिमियम मिळवायचे होते.

निओडिमियम हे 17 ‘दुर्मिळ मृदां’पैकी एक. मराठी विश्वकोश त्यांना ‘विरल मृत्तिका’ म्हणतो. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत. ही माती नव्हे, हे धातू आहेत; जुने रसायनज्ञ त्यांच्या ऑक्साइडांना ‘मृदा’ म्हणत. शिवाय सिरियम तर भूकवचात जवळपास तांब्याइतके आढळते. अवघड आहे ते वेगळे करणे, कारण या भावंडांचे रासायनिक वागणे जवळजवळ सारखे असते. डिस्प्रोसियम या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘हाती लागण्यास कठीण’ असा आहे.

आमचा कच्चा माल म्हणजे जुन्या हार्ड डिस्कमधले चुंबक. त्यांत वजनाने सुमारे 30 टक्के दुर्मिळ मृदा, बाकी बहुतेक लोह आणि थोडे बोरॉन. भट्टीत तापवून चुंबकत्व घालवायचे, कुटायचे, सौम्य आम्लात विरघळवायचे. मग ऑक्झॅलिक आम्ल घातले की निओडिमियमचा साका खाली बसतो. तो गाळून, धुऊन, भाजला की ऑक्साइड मिळते.

माझा पहिला साका फिकट जांभळा येण्याऐवजी पिवळा आला. द्रावणातले लोह फेरस अवस्थेतच राहिले होते आणि तेही ऑक्झॅलेट होऊन खाली बसले होते. पुढच्या वेळी आधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लोह फेरिक केले. ते द्रावणात राहिले आणि साका जांभळा उतरला.

एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांना चुंबकांची चिंता लागली. भंगारातली हार्ड डिस्कही एक छोटी खाणच आहे, हे तेव्हा नीट कळले.

माझ्या वहीत मी ‘प्रेसिपिटेट’ किंवा ‘अवक्षेप’ न लिहिता ‘साका’ लिहिले. सुट्टीत घरी आल्यावर आजीने वही चाळली आणि एवढा एकच शब्द तिला ओळखीचा निघाला. तिथूनच मी तिला बाकीचे सगळे समजावून सांगितले. वर्गात शिकवताना शिक्षकांनाही ही वाट उपयोगी पडेल.