लामालेरा : समुद्रावर पोट असलेलं गाव

बालीवरून नकाशावर पूर्वेकडे सरकत गेलं, की लोम्बोक, सुम्बावा, फ्लोरेस अशी इंडोनेशियाची बेटं ओळीनं लागतात. फ्लोरेसच्या पूर्व टोकापलीकडे आदोनारा आणि सोलोर आहेत आणि त्यांच्याही पुढे लेम्बाटा. तिथवर पर्यटक फारसे पोचत नाहीत. लेम्बाटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, ज्वालामुखीच्या खडकाळ उतारावर लामालेरा हे गाव आहे. वस्ती साधारण दीड-दोन हजार. गावाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग आहेत. किनाऱ्यावर गवतानं शाकारलेल्या खोपींची रांग आहे आणि त्या खोपींत लाकडी होड्या ठेवलेल्या असतात. शेती करावी अशी जमीन गावाला जवळजवळ नाही. समोरचा सावू समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खूप खोल होतो, आणि त्या खोल पाण्यातून स्पर्म व्हेलची ये-जा असते.

लामालेराचे लोक हातानं भाला मारून या व्हेलची शिकार करतात. 1624 सालच्या एका पोर्तुगीज नोंदीत या भागातल्या शिकारीचा उल्लेख सापडतो, म्हणजे ही परंपरा किमान चारशे वर्षांची तरी आहे. जगातली वर्तमानपत्रं आणि छायाचित्रकार लामालेराला येतात ते त्या भाल्यासाठी. खरं तर या गावाचं मोठेपण शिकार किनाऱ्याला लागल्यानंतर सुरू होतं. पण आधी होडीबद्दल सांगायला हवं.

या होडीला ‘टेना’ म्हणतात. दहा-बारा मीटर लांबीची ही होडी एकही खिळा न वापरता बांधतात. आधी फळ्या लाकडी खुंट्यांनी एकमेकींना जोडून बाहेरचं कवच उभं करतात, मग आतल्या वाका, म्हणजे फासळ्या, वेतानं बांधून घेतात. शीड ताडवर्गातल्या झाडाच्या पानांचं विणलेलं असतं. नाळेच्या पुढे बांबूची अरुंद फळी काढलेली असते आणि तिच्यावर भालाफेक्या, म्हणजे ‘लामाफा’, उभा राहतो. तो नुसता भाला फेकत नाही. लांब बांबूच्या टोकाला लोखंडी भाला बसवून तो स्वतः हवेत झेप घेतो आणि सगळ्या शरीराचा भार टाकून भाला व्हेलच्या पाठीत घुसवतो. पाण्यात पडला, की पोहत होडीकडे परततो. तोवर दोर सरसरत सुटलेला असतो आणि व्हेल होडी ओढू लागतो. यात माणसं मरतात, हातपाय गमावतात. 1994 साली व्हेलनं दूर ओढत नेलेल्या होड्यांवरची माणसं कित्येक दिवस समुद्रात भरकटत होती. शेवटी त्यांना एका प्रवासी जहाजानं उचललं.

गाव कॅथलिक आहे. मोठ्या शिकारीचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. त्याआधी समुद्रात प्राण गमावलेल्यांसाठी प्रार्थना होते आणि 1 मे रोजी किनाऱ्यावर मिस्सा होते. पण त्याबरोबरच जमिनीचे मूळ धनी मानलेल्या कुळांचे लोक पूर्वजांचे जुने विधीही करतात. दोन्ही श्रद्धा इथं कित्येक पिढ्या शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. व्हेल दिसला, की ‘बालेओ!’ अशी आरोळी उठते, आणि ऐकणारा प्रत्येक जण तीच आरोळी पुढे देत राहतो. शिकार सतत हुकू लागली, तर लोक कारण घरात शोधतात. लामाफाचं बायकोशी भांडण झालं आहे का, भावाभावांत वितुष्ट आहे का, याची विचारपूस होते आणि आधी समेट घडवला जातो. निळ्या व्हेलसारख्या दात नसलेल्या व्हेलना हे लोक हात लावत नाहीत. त्यांच्या एका पूर्वजाला अशाच व्हेलनं तारलं, अशी कथा आहे.

आता वाटणी. व्हेल किनाऱ्यावर आला, की त्याच्या शरीराचे ठरलेले भाग ठरलेल्या लोकांना जातात. होडीवर गेलेल्यांचा वाटा तर असतोच. शिवाय होडी कुळाच्या मालकीची असते, म्हणून तिच्या भागीदारांना वाटा मिळतो, मग ते त्या दिवशी समुद्रावर गेले असोत वा नसोत. होडी बांधणाऱ्या सुताराला, भाला घडवणाऱ्या लोहाराला आणि शीड विणणाऱ्याला मिळतो. लामालेराचे लोक समुद्रमार्गे स्थलांतर करून आले आणि इथल्या मूळ लोकांनी त्यांना जागा दिली, म्हणून जमिनीच्या धन्यांनाही डोक्यातला ठरलेला भाग आजतागायत दिला जातो. बलुत्याची जुनी रीत ऐकून असलेल्या मराठी माणसाला हा हिशेब लगेच कळेल. नेमून दिलेले वाटे घरोघर पोचले, की तिथून नात्यात, शेजारात, विधवांच्या घरी पुन्हा मांस जातं. एका व्हेलमुळे अख्खं गाव जेवतं.

या सवयीचा माणसांवर काय परिणाम होतो, हे मायकेल अल्वार्ड या मानवशास्त्रज्ञानं एका साध्या खेळातून तपासलं. एकाला काही रक्कम द्यायची आणि अनोळखी जोडीदाराला त्यातलं किती देशील, असं विचारायचं. जोडीदारानं नकार दिला, तर दोघांनाही काही मिळत नाही. लामालेरात पैशांऐवजी सिगारेटची पाकिटं वापरली. हाच खेळ जगभरच्या पंधरा छोट्या समाजांत खेळला गेला होता आणि निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी लोकांनी निम्म्याहून कमी देऊ केलं. लामालेरात देऊ केलेल्या वाट्याची सरासरी होती 58 टक्के, पंधरांत सगळ्यात जास्त. एकट्यानं व्हेल मारता येत नाही, हे जिथं लहानपणापासून माहीत असतं, तिथं वाटा देताना हात असा सैल असणं मला स्वाभाविक वाटतं.

पण मांसावर वर्षभर निभत नाही. धान्य डोंगरातल्या गावांतून येतं आणि ते आणायचं काम बायकांचं. सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या, मासे आणि मीठ डोक्यावर घेऊन त्या डोंगर चढतात आणि मका, केळी, कंदमुळं घेऊन उतरतात. जवळच्या वुलान्दोनीला शनिवारी बाजार भरतो. तिथं शिट्टी वाजल्याशिवाय अदलाबदल सुरू करायची नाही, असा नियम आहे. मोजणी सहाच्या हिशेबानं होते, सहा कणसं किंवा सहा केळी म्हणजे एक ‘मुंगा’. डोंगरातल्या माणसाला मांस हवं असतं, किनाऱ्याच्या बाईला मका. म्हणून व्हेल हे लामालेराचं धान्य आहे.

हे गाव जगापासून तुटलेलंही नाही. इंडोनेशियन भाषेचं व्याकरण लिहिणारे गोरिस केराफ इथले. 1999 ते 2001 या काळात देशाचे पर्यावरणमंत्री असलेले सोनी केराफही याच गावचे. मिशनच्या शाळांतून शिकलेले लामालेराचे शिक्षक आणि धर्मगुरू दूरदूर पोचले आहेत.

1970च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनं नॉर्वेतल्या शिकारतंत्राच्या आधारे इथली शिकार आधुनिक करून पाहिली. तो प्रयोग टिकला नाही. 1986 पासून व्हेलच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय व्हेलशिकार आयोगाची जागतिक स्थगिती आहे. इंडोनेशिया त्या आयोगाचा सदस्य नाही आणि लामालेराची शिकार व्यापारीही नाही. अलीकडच्या वर्षांत गाव सरासरी वीसेक स्पर्म व्हेल मारतं आणि एखाद्या वर्षी अगदी मोजकेच. सावू समुद्रात राष्ट्रीय सागरी उद्यान करायचं ठरलं तेव्हा गावानं विरोध केला आणि लामालेराचं पाणी त्यातून वगळलं गेलं. स्पर्म व्हेल संकटाच्या उंबरठ्यावर असलेली जात आहे, तिचं रक्षण व्हायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र गावात आज जे बदलतं आहे, ते वेगळंच आहे. बाहेरून होड्यांची इंजिनं आली. इंजिनच्या छोट्या होड्यांना गावात ‘जॉन्सन’ म्हणतात आणि त्याच आता टेनाला ओढत नेतात. त्यांच्याबरोबर लांबलचक वाहती जाळी आली. त्यांत मासे अडकतात, तसेच शार्क, डॉल्फिन आणि कायद्यानं संरक्षित मांटा रे मासेही अडकतात. जाळ्यात सापडलेलं जाळ्याच्या मालकाचं होतं. सुताराचा, शीड विणणाऱ्याचा, जमिनीच्या धन्याचा वाटा त्यात राहत नाही. टेनावर बंदी घालून ही जाळी तशीच सोडणारा कायदा समुद्राला वाचवणार नाही आणि लामालेरालाही नाही. गावाशी बोलायचंच असेल, तर आधी जाळ्यांबद्दल बोलावं.