सुट्या भागांचा संगणक

सुटे भाग आणून डेस्कटॉप संगणक घरी जोडता येतो, याचे मूळ आयबीएमच्या १९८१ सालच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये आहे. त्या यंत्राची अंतर्गत रचना कंपनीने खुली ठेवली आणि त्यात बसणारी कार्डे इतरांनाही बनवता आली. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डची मापे, स्क्रूंच्या जागा आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या त्यात ठरून गेल्या. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे भाग आज एकाच कॅबिनेटमध्ये बिनचूक बसतात ते अशा मानकांमुळेच. नवख्या माणसाकडे दोन कामे उरतात: एकमेकांना साजेसे भाग निवडणे आणि ते घाई न करता जोडणे. जोडणीची धास्ती अनेकांना वाटते, पण खरे अवघड काम निवडीचे आहे.

निवड करण्यापूर्वी संगणकावर काय करायचे हे नक्की हवे. गेमसाठी सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो. प्रोसेसरमध्ये कोअरच्या संख्येपेक्षा जवळच्या साठवणीचा, म्हणजे कॅशचा, उपयोग जास्त होतो. आठच कोअर असलेला एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर गेममध्ये पुढे राहतो तो त्याच्या ९६ एमबी कॅशमुळे. व्हिडिओ संकलनाला जास्त कोअर आणि भरपूर रॅम लागते. एआयची भाषा-प्रारूपे घरी चालवायची असतील, तर ग्राफिक्स कार्डावरची स्मृती आधी पाहावी, कारण प्रारूप तिच्यात मावले नाही की वेग कोसळतो. पडद्याचाही विचार याच वेळी करायचा असतो. १०८० पी पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे कार्डाला प्रत्येक चित्रासाठी चौपट बिंदू रंगवावे लागतात. पहिल्या ताकदवान यंत्रासाठी आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एक ते दोन टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि १२ किंवा १६ जीबी स्मृतीचे कार्ड ही जुळणी समतोल ठरते. सगळे पैसे कार्डावर घालून बाकीचे भाग स्वस्तातले घेणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, एकाच प्रकारचे असावे लागते. एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ साली आले आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४चे, तर काही डीडीआर५चे आहेत. या दोन रॅमच्या खाचा वेगळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या की प्रोसेसरला दोन मार्गांनी माहिती मिळते. एकच मोठी पट्टी घेतली तर हा फायदा जातो. चार जागा असलेल्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी जागा आधी भरायची असते. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तर चौथ्या पिढीची वेगवान एनव्हीएमई सुमारे ७,००० एमबीपर्यंत जाते. याशिवाय कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहावी.

एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर करू नये. हिशेब सोपा आहे. आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड ३०० वॅटपर्यंत वीज घेते, प्रोसेसर भार आल्यावर १५० वॅटच्या आसपास जातो, पंखे, ड्राइव्ह आणि बोर्ड मिळून ७५ ते १०० वॅट धरावेत. बेरीज साडेपाचशेच्या घरात जाते. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी याहून बरीच जास्त वीज ओढते, म्हणून येथे ७५० किंवा ८५० वॅटचा एसएमपीएस योग्य. ‘८० प्लस’चे ब्रॉंझ किंवा गोल्ड हे चिन्ह विजेची किती बचत होते एवढेच सांगते, आतल्या भागांच्या दर्जाची हमी ते देत नाही. स्वस्त कॅबिनेटबरोबर मिळणारा एसएमपीएस अशा यंत्राला लावूच नये. एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्याला जोडणेही धोक्याचे आहे, कारण प्लग सारखा दिसला तरी आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह किंवा बोर्ड जळू शकतो. घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. ते नसेल तर कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येऊ शकतात. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. १,००० व्हीएचे अनेक यूपीएस प्रत्यक्षात ६०० वॅटच पेलतात.

उष्णतेचे गणितही आपल्याकडे वेगळे पडते. कूलर हवेचा असो वा पाण्याचा, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पंचवीस अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, ४२ अंशांच्या खोलीत, नव्वदीच्या पुढे जातो. रायझनच्या अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश आहे; ती गाठली की प्रोसेसर आपला वेग आपोआप उतरवतो आणि मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर अशी पंख्यांची दिशा ठेवावी आणि धुळीची जाळी नियमित साफ करावी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा सुट्या भागांचा जुना आणि मोठा बाजार आहे. तिथे दोन-चार दुकानांत लेखी कोटेशन मागावे. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेले जीएसटीचे बिल घ्यावे आणि वॉरंटी भारतात लागू आहे का, हे विचारावे.

जोडणीसाठी चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि मोकळे टेबल पुरते. अंगावरची स्थिर वीज उतरवण्यासाठी आधी धातूच्या वस्तूला हात लावावा. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी मदरबोर्डवर कॅबिनेटच्या बाहेरच बसवून घेणे सोयीचे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा, वरून दाबायचा नाही. एएम५च्या पिना सॉकेटमध्येच असतात आणि वाकल्या तर बोर्ड निकामी होऊ शकतो. त्यानंतर सॉकेटचा दांडा मात्र बऱ्यापैकी जोर लावून बंद करावा लागतो. तेव्हा घाबरू नये. सॉकेटचे प्लास्टिक झाकण जपून ठेवावे, वॉरंटीत बोर्ड परत देताना ते लागते. थर्मल पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते. कूलरच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढायचा राहून गेला, तर संगणक काही क्षणांत तापतो.

मग कॅबिनेटमधले पितळी आधार बोर्डच्या छिद्रांखाली येतात का ते पाहून बोर्ड स्क्रूने बसवतात. २४ पिनांची केबल बोर्डला आणि वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल प्रोसेसरला वीज देते. दुसरी विसरली तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. कार्ड शेवटी बसवावे. अनेक नव्या कार्डांची सोळा पिनांची जोडणी ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेते. २०२२पासून असे काही जोड वितळल्याच्या घटना घडल्या आणि त्यांतल्या अनेकांत प्लग पूर्ण आत गेलेला नव्हता. तो शेवटपर्यंत दाबून फट उरली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ रॅमची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. या वेळी बटण दाबून यंत्र बंद करू नये. पडद्याची केबल बोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून एक्सपो किंवा एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सोय सुरू करावी. तसे न केल्यास रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स घातल्यावर पहिल्याच आठवड्यात यंत्राला कसून राबवावे: रात्रभर मेमटेस्टने रॅम तपासावी, सिनेबेंच चालवून प्रोसेसरचे तापमान नोंदवावे, एखादा जड गेम तासभर चालवावा. इलेक्ट्रॉनिक भागांतला मूळचा दोष बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच उघड होतो. त्या दिवसांत काही दुकाने भाग थेट बदलून देतात. नंतर तोच भाग कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठवून वाट पाहावी लागते.