कोशाची ‘शनेल’

परवा हळदीकुंकवाला एका काकूंनी माझी बॅग आतून-बाहेरून न्याहाळली आणि विचारलं, "कितीला गं पडली?" विकतची नाहीच, घरी शिवलीय! तिथे चौघींनी कृती विचारली, म्हणून ही पोस्ट.

मूळ डिझाइन फ्रेंच फॅशनकार कोको शनेलचं. फेब्रुवारी १९५५ मध्ये आलं म्हणून नाव २.५५. खांद्याला साखळी, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

मी आईची जुनी, छत्तीसगडच्या चांप्याची कोसा (टसर रेशमी) साडी घेतली. कोशाचे धागे फार सुटतात, म्हणून आधी मागून इस्त्रीने चिकटणारं बकरम लावा. त्याखाली पातळ फोम, मग अस्तर.

आता खरं काम, शनेलसारख्या फुगीर चौकटी शिवणं. खडूने दोन्ही दिशांना तिरक्या रेघा आखा. पहिली शिलाई मधल्या रेघेवर, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका टोकाकडून सुरुवात केली तर कापड सरकून चुण्या पडतात. टाका जरा मोठा ठेवा. बारीक टाक्याने चौकट फुगत नाही.

महत्त्वाचं: शिलाईने कापड आक्रसतं, त्यामुळे बॅगेचे भाग नंतरच कापा.

साखळी आपल्या भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात मिळाली. शनेलचा लोगो मात्र लावू नका. शैली घ्यावी, शिक्का नाही.

जुनी जीन्सही चालेल, फक्त फोम गाळा. मशीन कुठे अडलं तर कमेंटमध्ये विचारा, फोटोही टाका.