मुंबईत मुक्काम कुठे कराल?

परभणीमार्गे जाणाऱ्या देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या कल्याण, ठाणे, दादर घेत सीएसएमटीला पोहोचतात. काम कुठे आहे ते पाहून उतरा.

• दवाखान्यासाठी : परळ-दादर. टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया, तिन्ही रुग्णालये परळला. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. जागेची चौकशी निघण्याआधी करा, रुग्णाचे कागद जवळ ठेवा. टाटाच्या खारघर केंद्रात जायचे असेल तर ठाण्याला उतरून पनवेल लोकल धरा.

• मंत्रालयासाठी : सीएसएमटी, फोर्ट, चर्चगेट. सकाळच्या लोकलची रेटारेटी वाचते. गेटवेही जवळ. तिथून लाँचने घारापुरीला जाता येते, पण लेणी सोमवारी बंद असतात.

• फिरण्यासाठी : दादर. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांच्या लोकल इथे मिळतात. चैत्यभूमी, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक जवळच. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र खोली मिळणे अवघड.

• समुद्रासाठी : गिरगाव की जुहू? गिरगाव चौपाटी चर्नी रोड स्टेशनला लागून आहे. जुहूला विलेपार्ले किंवा अंधेरीहून रिक्षा करावी लागते.

• पावसाळ्यात : हिंदमाता, सायनच्या सखल भागात पाणी तुंबते, तळमजल्याची खोली नको.

• लॉज घेताना : भाडे चोवीस तासांचे की सकाळी ठरलेल्या वेळी खोली सोडायची, हे आधीच विचारा. परतीची गाडी रात्रीची असेल तर याच प्रश्नाने एका दिवसाचे भाडे वाचते.